घड्याळ कुणाचं, रात्र कुणाची?
आसामच्या चहामळ्यांत आजही ‘बागान टाइम’ चालतो, आपल्या घड्याळापेक्षा एक तास पुढं. देशाची वेळ ८२.५ अंश रेखांशाची. दिब्रुगडला सूर्य कोल्हापूरच्या सव्वा तासाहून जास्त आधीच डोक्यावर येतो. उजेड वाया जाऊ नये म्हणून इंग्रज मळेवाल्यांनी काटाच पुढं सरकवला.

आणि आपण? आपलं घड्याळ म्हणजे फिडर. रात्री बाराला लाईट येणार, मग बॅटरी घेऊन साप-विंचवात दारं धरायची. म्हणे दिवसा लोड असतो. अहो, ऊन भरपूर असताना सौर वीज दुपारीच बनते ना?

तिथं चहाच्या पानासाठी घड्याळ हललं. इथं माणसासाठी वेळापत्रक हलत नाही. आमचा काटा हलवू नका, फक्त दिवसा आठ तास लाईट द्या!