जमीन घ्यायची तर रानासकट

पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला पन्नाशीच्या आसपास गावाकडे दोन-चार एकर घ्यायची ओढ लागते. शेतकरी असल्याचा दाखला जवळ असेल तर ती पुरीही होते. मुळशी, वेल्हे, मावळ, मंडणगड, दापोली, संगमेश्वर या तालुक्यांत असे व्यवहार सतत चालू असतात. जमीन बहुतेकदा डोंगरउताराची, वरकस, वर ऐन-किंजळ-जांभळाचं खुरटं रान असलेली. सौदा ठरला की पहिली गोष्ट होते ती साफसफाई. कित्येकदा विकणाराच एजंटच्या सांगण्यावरून रान तोडून, जेसीबी फिरवून जागा मोकळी करून देतो, कारण मोकळ्या सपाट जागेला गिऱ्हाईक लवकर मिळतं. मग नवा मालक रोपवाटिकेतून टेम्पो भरून हापूस, चंदन, महोगनी आणि कडेला लावायला गुलमोहर आणतो. पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात त्यातली बरीच रोपं वाळतात आणि दोष पाण्याला किंवा राखणदाराला दिला जातो. खरी चूक लावणीच्या आधी, तोडणीत झालेली असते. जमिनीवर आधीपासून उभं असलेलं रान हा तिच्या मातीचा सर्वांत खात्रीचा अहवाल असतो, आणि तो न वाचताच फाडून टाकायची रीत पडली आहे.

‘आम्ही माती तपासून घेतो,’ असं सांगणारे भेटतात. पण नेहमीचा माती परीक्षण अहवाल वरच्या वीतभर थराचा असतो. त्यात सामू कळतो, नत्र-स्फुरद-पालाश कळतं. ज्वारी-भाताला तेवढं पुरतं. झाडाचे प्रश्न वेगळे असतात. खाली माती किती हात आहे, पावसाळ्यात पाणी तुंबतं की निथळतं, चुनखडी लागते का, याचं उत्तर त्या कागदावर नसतं. ते उभ्या झाडांकडे असतं. सह्याद्रीच्या पश्चिमेला कोकणात जांभ्याची लाल, आम्लधर्मी माती आहे. तिच्यात स्फुरद लोहाशी बांधला जातो आणि झाडाला सहज मिळत नाही. घाटाच्या पूर्वेला बेसॉल्टचा मुरूम आणि पुढे भिजली की फुगणारी, सुकली की भेगाळणारी काळी माती. हा ढोबळ नकाशा झाला. प्रत्यक्षात एकाच तीन एकरांत माथ्यावर कातळ, मधल्या उतारावर मुरूम आणि खाली ओढ्याकाठी गाळ, अशा तीन जमिनी असू शकतात. झाडं त्याप्रमाणेच उभी असतात. खैर आणि धावडा उथळ, मुरमाड उतारावर तग धरतात. ऐन जड, चिकट माती सोसतो. किंजळ जांभ्याच्या लाल मातीत रमतो. अर्जुन आणि करंज पाण्याच्या वाटेने जातात. पळस पाणी साचणाऱ्या जागीही तरतो. सागाला खोल आणि निचऱ्याची जमीन लागते, म्हणून वाकडातिकडा, खुरटलेला साग दिसला की खाली खडक जवळ असल्याची शंका घ्यावी. ऐन मे महिन्यात उंबर हिरवागार असेल तर विहिरीसाठी पहिली चौकशी तिथेच करावी. हे वाचायला पदवी लागत नाही. गावातला गुराखी ते फुकट सांगतो. त्याला विचारायचं आपल्याला सुचत नाही, एवढंच.

याउलट रोपांची निवड होते ती जाहिरात पाहून. चंदनाचं उदाहरण घ्या. एकरी अमुक कोटी अशी कोष्टकं फिरत असतात, पण चंदन हे अर्धपरजीवी झाड आहे, त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्नपाणी घेतात आणि पाणी तुंबलेल्या जमिनीत ते टिकत नाही, हे त्या कोष्टकात नसतं. म्हणजे आधी रान तोडायचं आणि मग चंदनाला आधार म्हणून पुन्हा दुसरी झाडं लावायची! काजू जांभ्यावर उत्तम येतो. तोच चुनखडीच्या भारी काळ्या मातीत पिवळा पडत जातो. संत्र्या-मोसंबीसाठी मुक्त चुना दहा टक्क्यांहून जास्त असलेली जमीन घेऊ नये, असं फळबागेचे जाणकार बजावतात. आणि हे केवळ हौशी मालकांचंच नाही. राज्य सरकारने २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं होतं. आकडा असा कोटींत मोजायचा ठरला की कुठल्या मातीत काय, हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

यावर कोकणातून एक रास्त आक्षेप येईल. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांनी कातळात खड्डे फोडले, बाहेरून माती आणून भरली, वर पाणी चढवलं आणि हापूस उभा केला. मग माती पाहून झाड निवडा, या सल्ल्याला अर्थ काय राहिला? ती मेहनत खरी आहे आणि तिच्यावर हजारो घरं चालतात. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने तिला मोठं बळही दिलं. पण तो पूर्णवेळ धंदा आहे. तिथे माती विकत घ्यावी लागते, फवारणी चुकवून चालत नाही आणि घरातलं कुणीतरी रोज बागेत असतं. महिन्यातून एखाद्या शनिवारी येणाऱ्या मालकाने त्या बळावर आपला कातळ फोडू नये. शिवाय कातळ ओसाड असतो हाच समज चुकीचा आहे. पावसाळ्यात सड्यावर उगवणाऱ्या कित्येक वनस्पती जगात दुसरीकडे सापडत नाहीत. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते त्यावर झाडं लावली म्हणून नव्हे. काही जमिनींना झाडच नको असतं, हेही मातीचं म्हणणं मानायला हवं.

दुसरा आक्षेप असा की हे रान कसलं, ही तर झुडपं. खरं जंगल केव्हाच गेलं. दिसायला ते खरं आहे. राबासाठी टाहळ तोडून, कोळशासाठी आणि भट्ट्यांसाठी दर काही वर्षांनी छाटून या झाडांची उंची राहिलेली नाही. पण मुळं शाबूत आहेत, आणि ती कित्येक दशकांची आहेत. ऐन, किंजळ, साग यांच्या तोडलेल्या बुंध्यातून येणारा फुटवा पिशवीतल्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतो, कारण त्याला मुळं नव्याने करावी लागत नाहीत. त्याला पाणी घालायला टँकर लागत नाही. कुऱ्हाड, गुरं आणि वणवा यांपासून राखलं की पुरे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा याची साक्ष देतं. नव्वदच्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने आदिवासी गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी-चराईबंदी केली आणि चारशेहून अधिक हेक्टर उजाड डोंगर पुन्हा रानाखाली आला. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. रान पुढे कसं होऊ शकतं हे पाहायचं तर गावाजवळची देवराई शोधावी. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास मांडला तेव्हापासून हे माहीत आहे, की त्या परिसरातल्या मूळ झाडोऱ्याचा नमुना तिथे जिवंत असतो. लावायच्या झाडांची यादी तिथून करावी.

देशी झाडांचा हट्ट म्हणून हे सगळं बाजूला सारू नये. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला आणि जांभ्यावर घरचा झाला. त्याच्याशी भांडण नाही. परकं की आपलं, यापेक्षा या मातीत आणि या पाण्यावर ते माणसाच्या सतत शुश्रूषेशिवाय जगेल का, हा प्रश्न आधीचा आहे.

कायद्याची भीती हा मात्र खरा अडथळा आहे. झाडं राखली तर उद्या जमिनीवर वनाची नोंद लागेल, या धास्तीने अनेक जण रान साफ करतात. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने आणि वनाचा शब्दकोशातला अर्थ लावणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने ही धास्ती निर्माण केली. ती निराधार म्हणता येत नाही. झाड राखणाऱ्यालाच घाबरवणारी व्यवस्था दुरुस्त करणं हे सरकारचं काम आहे आणि ते रेंगाळलं आहे. पण जुनी नोंद किंवा नोटीस असेल तर झाडं तोडल्याने ती पुसली जात नाही. सातबाऱ्याचे इतर हक्क, जुने फेरफार आणि वन विभागाकडची नोंद खरेदीआधीच पाहायची असते. शिवाय साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस, हिरडा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय ती तोडणं खासगी जमिनीतही गुन्हाच.

तेव्हा घेणाऱ्यांना सांगणं एवढंच. जमीन एकदा मे महिन्यात आणि एकदा भर जुलैत पायी फिरून पाहा. माथ्यावर, उतारावर आणि तळाला कमरेइतके खड्डे घेऊन माती कुठे संपते आणि पाणी कुठे थांबतं ते बघा. पहिले तीन पावसाळे पैसे रोपांवर घालण्याऐवजी गडग्यावर, जाळपट्ट्यावर आणि राखणदाराच्या पगारावर घाला. नंतर जिथे रान स्वतः भरून येत नाही तेवढ्याच जागी लावा. आणि साठेखतात एक ओळ न विसरता लिहून घ्या: खरेदीखत होईपर्यंत जमिनीवरचं एकही झाड तोडायचं नाही आणि जेसीबी आत आणायचा नाही.