सिट्रुलिन घ्यायचेच तर साधे की मॅलेटवाले?

पहाटे आळे, राजुरी, बोरी या पट्ट्यातली पोरे एकेकटी पळत नाहीत. बिबट्याचा भरवसा नसतो, म्हणून टोळी करून पळतात. संध्याकाळी यातलीच बरीचशी आळेफाट्यावरच्या जिममध्ये भेटतात. डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. शिपाई पदाची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. यादी अनेकदा एका गुणावर अडते. त्यामुळे ‘पंप येतो, दम वाढतो’ असे कुणी सांगितले की हात खिशाकडे जातो.

सध्या ज्याची चौकशी जास्त होते ते सिट्रुलिन. दुकानात ते दोन रूपांत मिळते, एल-सिट्रुलिन आणि सिट्रुलिन मॅलेट. कोणते घ्यावे, यावर जिममध्ये तासन् तास वाद चालतात. माझे मत आधीच सांगतो: घ्यायचेच असेल तर साधे एल-सिट्रुलिन घ्या. पण ‘घ्यायचेच असेल तर’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत.

हे आहे तरी काय?

सिट्रुलिन हे अमिनो आम्ल आहे, पण स्नायू बांधणाऱ्या प्रथिनांत ते वापरले जात नाही. म्हणजे ते प्रोटीन पावडरची जागा घेऊ शकत नाही. हा घोटाळा फार जण करतात. त्याचे नाव कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून, सिट्रुलसवरून पडले, कारण जपानी संशोधकांना ते पहिल्यांदा कलिंगडाच्या रसातच सापडले. कलिंगडाच्या एक किलो गरात ते साधारण दोन ग्रॅमच्या आसपास असते, जातीनुसार कमी-जास्त. सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातही असते, जो आपण बिनदिक्कत गुरांपुढे टाकतो.

शरीरात गेल्यावर मूत्रपिंडे सिट्रुलिनचे आर्जिनिन करतात आणि आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते. हा वायू रक्तवाहिन्यांना सैल व्हायला सांगतो. या शोधासाठी 1998 मध्ये तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. जिममधला ‘पंप’ याच तत्त्वावर विकला जातो.

मग थेट आर्जिनिनच का घेऊ नये? पूर्वी तेच विकले जायचे. पण तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनचा बराच भाग आतडे आणि यकृत वाटेतच मोडून टाकतात. शिवाय मोठा डोस घेतला की पोट बिघडते. सिट्रुलिन या नाक्यावर अडत नाही, त्यामुळे ते घेतल्यावर रक्तातले आर्जिनिन जास्त चांगले वाढते. इथपर्यंतचे विज्ञान भक्कम आहे आणि आर्जिनिनचा डबा घेण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

मॅलेट म्हणजे हरभऱ्याची आंब

मॅलेट म्हणजे मॅलिक आम्ल. हिवाळ्यात हरभऱ्याच्या शेतातून गेल्यावर पायाला जी आंब लागते, तिच्या आंबटपणात या आम्लाचा मोठा वाटा असतो. कच्च्या द्राक्षात आणि सफरचंदातही ते असते. शरीरातल्या पेशी ऊर्जा तयार करताना मॅलेट वापरतात, हे खरे. त्यावरून कंपन्या म्हणतात की सिट्रुलिनला मॅलेटची जोड दिली की दम वाढतो. पण पेशी आपले मॅलेट स्वतःच तयार करतात. बाहेरून दिलेल्या दोन-तीन ग्रॅमने सिट्रुलिनपेक्षा वेगळा, जास्तीचा फायदा होतो हे ठामपणे सिद्ध झालेले नाही.

मॅलेटच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. वजने उचलण्यावरचे बरेच अभ्यास मॅलेटचा 8 ग्रॅमचा डोस देऊनच झाले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 41 पुरुषांवरच्या अभ्यासात बेंच प्रेसची आवर्तने वाढलेली आणि अंगदुखी कमी झालेली दिसली. ‘ज्याची परीक्षा झाली तेच घ्या’ असे कुणी म्हटले तर ते चुकीचे नाही. पण पुढच्या सगळ्या अभ्यासांत तसे दिसले नाही. 2018 च्या एका ब्रिटिश अभ्यासात फायदा आढळला नाहीच, वर 2:1 म्हणून घेतलेल्या पावडरीत सिट्रुलिन आणि मॅलेट जवळपास निम्मे-निम्मे निघाले.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. 2:1 म्हणजे दोन भाग सिट्रुलिन, एक भाग मॅलेट. वजनाने धरले तर 8 ग्रॅममध्ये सिट्रुलिन सव्वापाच ग्रॅमच्या आसपास. तेच 1:1 निघाले तर चारच ग्रॅम. डब्यातल्या पांढऱ्या पावडरीकडे बघून तुम्हाला यातले काहीही कळणार नाही. साध्या एल-सिट्रुलिनमध्ये निदान हे गुणोत्तराचे कोडे नसते.

हिशेब करून बघा

समजा, 200 ग्रॅम साधे सिट्रुलिन 1200 रुपयांना आणि तेवढेच 2:1 मॅलेट 1000 रुपयांना मिळते. स्वस्त कोणते? मॅलेटच्या डब्यात सिट्रुलिन सुमारे 133 ग्रॅमच. म्हणजे एका ग्रॅमला साडेसात रुपये. साधे सहा रुपयांत पडते. रोज 6 ग्रॅम सिट्रुलिन घ्यायचे तर साधा डबा 33 दिवस जाईल, मॅलेटचा 22 दिवसांत संपेल. भाव दुकानागणिक बदलतील, गणित हेच राहील.

आता दुसरा हिशेब. वरच्या भावाने साधे सिट्रुलिनसुद्धा रोज 36 रुपयांना पडते. गाईच्या एक लिटर दुधाला डेअरीवर जो भाव मिळतो, त्याच्या आसपासची ही रक्कम. त्या लिटरभर दुधात तीसेक ग्रॅम प्रथिने असतात. घरचे दूध सकाळी डेअरीला घालायचे आणि त्याच पैशांची पावडर आणायची, हा व्यवहार मला पटत नाही. ज्या पोराच्या पोटात रोज पुरेसे दूध, अंडी, मटकी-हरभरा जात नाही, त्याने सिट्रुलिनच्या वादात पडूच नये. आणि 1600 मीटरचे म्हणाल तर सिट्रुलिनने धावण्याची वेळ किती कमी होते, याबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. वजने उचलताना काही जणांना थोडा फायदा होतो, एवढेच म्हणता येते.

डबा हातात घेतल्यावर

‘प्री-वर्कआउट’ नावाच्या मिश्रणांपासून सावध राहा. अनेक डब्यांवर ‘ब्लेंड’ असे लिहून दहा घटकांचे एकत्र वजन दिलेले असते, सिट्रुलिन किती ते कळत नाही. घेतल्यावर तोंडाला, हाताला मुंग्या येतात आणि पोरांना वाटते, ‘लागू पडले’. त्या मुंग्या बहुतेक वेळा बीटा-अ‍ॅलनिन या दुसऱ्याच अमिनो आम्लाच्या असतात. छातीतली धडधड कॅफिनची. सिट्रुलिनने असे काही जाणवत नाही.

लेबलवर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक असायलाच हवा. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर तो टाकून बघता येतो, दोन मिनिटांचे काम आहे. सुट्या पिशवीत बांधून दिलेली पावडर, मग देणारा कितीही ओळखीचा असो, घेऊ नका. पंपाच्या नादात कुणी इंजेक्शन सुचवले तर तिथून उठून या. रक्तदाब वाढवणाऱ्या मेफेन्टरमिनच्या बेकायदा विक्रीवर पुण्यात पोलिसांनी कारवाया केल्या आहेत, आणि ते इंजेक्शन हृदयावर येते.

निरोगी प्रौढांना सिट्रुलिनचा सहसा त्रास होत नाही. पण रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण रक्तवाहिन्या सैल करण्याचे काम त्याही करतात. अठराच्या आतल्या मुलांना मी तर देणार नाही.

आणि मैदानी चाचणीच्या दिवशी पहिल्यांदाच काहीही घेऊ नका, मित्राने दिलेला अर्धा चमचासुद्धा. घ्यायचे असेल तर आधीचे काही आठवडे सरावाच्या दिवशी, पळण्याच्या तासभर आधी, पाण्यातून घेऊन बघा. वेळ लिहून ठेवा. न घेता पळालेल्या दिवसांचीही लिहा. दोन्हींत फरक दिसला नाही, तर दुसरा डबा आणू नका.