भोंगा कधी वाजवायचा, ते गावाला विचारा



आमच्या मोहर्लीजवळच्या सीतारामपेठेत वाघ ओळखणारे एआय कॅमेरे बसले, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर परत फिरतोय. खाली लोक लिहितात, "आता चिंता मिटली." मिटली म्हणता? थांबा जरा.

कॅमेरा वाईट नाही. साधा ट्रॅप कॅमेरा फोटो कार्डात ठेवतो, कोणी जाऊन कार्ड काढेल तेव्हा कळतं. वाघ मोजायला ते चालतं, जीव वाचवायला नाही. नवीन यंत्र चित्र येतं तसं तिथल्या तिथं तपासतं अन् लगेच सूचना देतं. मी याच्या विरोधात नाही.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. फोटो दाखवून शिकवलेलं हे यंत्र "वाघच आहे" असं छातीठोक म्हणत नाही. ते म्हणतं, 100 पैकी 70 खात्री, किंवा 90. कितीला भोंगा वाजवायचा, हे माणूस ठरवतो. 70 ला ठेवला तर तांबडी गायही वाघ ठरेल. चार रात्री फुकट वाजला की पाचव्या रात्री कोणी उठणार नाही. 90 ला ठेवला तर तुरीत अर्धा लपलेला वाघ सुटेल. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. एकीत झोप जाते, दुसरीत माणूस.

भोगणार कोण? धानाच्या बांधीवर जागलीला बसणारा मी, अन् पहाटे मोहफुलं वेचणारी बाई. मग हा आकडा ऑफिसात का ठरावा? ग्रामसभेत ठरवा. मोहाच्या दिवसांत पहाटे कमी ठेवा, एरवी वाढवा.

कृषीवाल्या साहेबांनाही सांगणं आहे: यंत्राला रानडुक्कर अन् रोही पण शिकवायला लावा. आम्ही रात्री शेतात बसतो ते वाघ पाहायला नाही, डुकरं हाकलायला. डुकराची सूचना घरी मिळाली तर रात्रभर धुऱ्यावर बसावं लागणार नाही, अन् वाघाशी गाठही कमी पडेल.

शिवाय दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा: किती भोंगे खरे, किती खोटे, अन् पगमार्क दिसले पण भोंगा वाजलाच नाही असं किती वेळा.

तुमच्या गावात कॅमेरा येत असेल तर फीत कापायच्या आधी उभं राहून विचारा, "आकडा किती ठेवला, अन् कोणाला विचारून?"