नकाराचें पत्र आणि आजीची वही

गेल्या महिन्यांत आमच्या एक जुन्या वाचक भगिनी घरीं आल्या, त्या हातांत एक छापील पत्र घेऊनच. त्यांचे चिरंजीव व सूनबाई इंग्लंडांत असतात. नातू सहा वर्षांचा. मूल फारसें बोलत नाहीं, वर्गांत मागें पडतें, अक्षरें लक्षांत राहत नाहींत. त्यास शिक्षणांत विशेष साहाय्य मिळावें, व त्यासाठीं रीतसर तपासणी व्हावी, असा अर्ज आईबापांनीं केला होता. पालिकेनें मुदतींत, म्हणजे सहा आठवड्यांच्या आंत, उत्तर दिलें, तें नकाराचें. घरची भाषा मराठी असल्यामुळें मूल इंग्रजींत मागें आहे, पुढें आपोआप सुधारेल, असा त्याचा मथितार्थ.

“सरकारनेंच नाहीं म्हटलें, तर आपण काय बोलायचें?” असें बाई म्हणाल्या. सूनबाईंनीं तर मुलाशीं मराठी बोलणेंच सोडलें होतें. पडद्यावर आजी-नातवाची गांठ पडे, तीहि मुकी. नकारापेक्षांहि हें ऐकून आम्हांस अधिक वाईट वाटलें.

आमच्या लोकांत अपील म्हणजे भांडण, अशी समजूत फार. इंग्लंडांत मात्र २०१४ च्या बालक व कुटुंब कायद्यानें हा हक्क आईबापांस स्पष्ट दिला आहे. त्यासाठीं स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. तेथें फी लागत नाहीं, वकीलहि सक्तीचा नाहीं. नकाराच्या पत्रावरील तारखेपासून दोन महिने, किंवा मध्यस्थीच्या दाखल्यापासून एक महिना, यांपैकीं जी मुदत नंतर संपेल तींत अपील दाखल करावें. हा दाखला मिळविण्यासाठीं मध्यस्थी-सल्लागारास विचारावें लागतें. मध्यस्थी पत्करलीच पाहिजे असें नाहीं. निकालापर्यंत गेलेल्या प्रकरणांपैकीं शंभरांत नव्वदांहून अधिक पालकांच्या बाजूनें लागतात, हें आंकडे सांगतात. मात्र निकालास महिनेच्या महिने लागतात, आणि मुलाचें वर्ष कोणासाठीं थांबत नाहीं. तोंवर शाळेनें आपल्या परीनें साहाय्य करीत राहिलें पाहिजे, असेंहि तोच कायदा सांगतो.

आतां मुख्य मुद्दा. घरची भाषा शाळेच्या भाषेहून निराळी, एवढ्याच कारणावरून मुलास शिकण्यांत अडचण आहे असें मानूं नये, असें कायदा म्हणतो. म्हणजे अडचण केवळ इंग्रजीची असेल, तर पालिकेचें म्हणणें टिकेल. पण तीच अडचण मराठींतहि असेल तर? मग त्या पत्राचा पायाच ढासळतो. आणि मराठींत मूल कसें आहे, हें तेथल्या कोणत्या शिक्षिकेस ठाऊक असणार?

आम्हीं हें विचारतांच बाईंनीं पिशवींतून वही काढली. नातू चार वर्षांचा असतांना त्या तेथें चार महिने राहिल्या होत्या. “पाट घे आणि वाटी आण” अशा दोन गोष्टी एकदम सांगितल्या, तर तो पहिलीच करी. पाणी हवें असतां बोटानें दाखवी. शुभंकरोतीची एक ओळहि राहिली नाहीं, त्याच वयाच्या चुलतभावास मात्र सबंध येई. तारखांसह सर्व नोंद होती! त्या म्हणत, “हें काय, म्हातारीचें टिपण.” आम्ही म्हटलें, हाच पुरावा. तपासणीच्या पायरीवर डॉक्टरचें निदान आवश्यक नसतें. मुलास विशेष गरज असूं शकेल आणि योजनेद्वारें साहाय्य लागूं शकेल, इतकें दाखविलें तरी पुरे.

पुढें योजना हातीं आल्यावर तींतील शब्द डोळ्यांत तेल घालून वाचावे. “संधि मिळेल” असें मोघम लिहिलें असेल, तर आठवड्यांतून किती तास व कोणाकडून, हें मागावें. त्या मजकुराविरुद्ध व शाळेच्या निवडीविरुद्धहि अपील करतां येतें.

पत्रावरील तारखेस तेव्हां तेवीस दिवस झाले होते. वहींतील नोंदी मराठींत जशाच्या तशा उतरून, खालीं इंग्रजी तर्जुमा देऊन, आजीची सही झाली. अपील आतां दाखल झालें आहे. सुनावणीची तारीख यावयाची आहे. सूनबाई मुलाशीं पुन्हां मराठी बोलूं लागल्या, असें परवां बाई सांगत होत्या.