मोजक्या गोळ्यांचा खेळ

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते तेव्हा वैनगंगेच्या काठच्या दुकानांत दोन जातींच्या बंदुका दिसतात. एक टिकल्यांचे पिस्तूल आणि दुसरी फुगे फोडण्याची छर्ऱ्याची बंदूक. टिकल्या संपल्या तर बापाकडून आणखी एक डबी मिळते, म्हणून पोरे ते पिस्तूल कुठेही, कसेही उडवीत सुटतात. फुगेवाला मात्र छर्रे मोजून देतो. मग तोच पोरगा गंभीर होतो, एक डोळा मिटतो, श्वास रोखतो. बंदुकीचा खेळ केव्हा खरा वाटतो, असे मला कुणी विचारले तर मी त्याला आधी फुगेवाल्याकडे धाडीन.

विचारणारे भेटले ते घरातच. माझा नातू आणि त्याची चंद्रपूरची मित्रमंडळी फासे टाकून ‘काऊबॉय’चा एक खेळ खेळतात. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे. हे काही आजचे खूळ नव्हे. अमेरिकेत ‘बूट हिल’ नावाचा असा खेळ १९७५ साली, म्हणजे आपल्याकडे ‘शोले’ आला त्याच वर्षी निघाला. मुलांचा वाद असा होता, की १८६५ सालच्या गोष्टीतल्या नायकाच्या कमरेला पितळी काडतुसांचा पट्टा शोभेल का? कादंबरीकार आजोबा म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

काटेकोरपणे पाहिले तर फारसा शोभत नाही. त्या काळातली बहुतेक रिव्हॉल्व्हरे एकेक घर भरूनच चालत. दारू घाला, वर शिशाची गोळी दाबा, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवा. असे सहा वेळा. तयार काडतुसाचे कोल्टचे गाजलेले रिव्हॉल्व्हर १८७३ चे. सर्जिओ लिओनीच्या १९६६ सालच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’त १८६२ च्या यादवी युद्धातले लोक सर्रास काडतुसे वापरतात, आणि आपण टाळ्या वाजवतो. हे ऐकून नातवाचा एक मित्र वहीत गोळ्यांचे व्यासच लिहू लागला. दुसरा म्हणाला, “आजोबा, खेळच तर आहे, कशाला एवढा कीस?” मला दोघांचेही पटले नाही.

गब्बरच्या हातातले रिव्हॉल्व्हर कुठल्या बनावटीचे, हे तुम्हीआम्ही कधी विचारले? सहापैकी तीन गोळ्या तो आभाळात झाडतो आणि तीन माणसांसमोर उभा राहतो. त्या क्षणापासून अख्खे थिएटर मनात मोजू लागते. पुढे पुलावर जयजवळ एकच गोळी उरते, तेव्हाही तेच. गोळीचे नाव चुकले तर फक्त जाणकार हसतो. तिची मोजदाद आणि ती भरायला लागणारा वेळ गाळला, तर गोष्टीतली माणसेच खोटी पडतात.

मी मुलांना म्हटले, टेक्सास राहू द्या, आपल्याच जिल्ह्यात खेळा. मार्कंड्याहून खाली गेलेल्या वैनगंगेला वर्धा मिळाली की तिची प्राणहिता होते. त्या मुलखात मोलमपल्लीचे पंचविशीतले जमीनदार बाबूराव शेडमाके मार्च १८५८ मध्ये गोंड आणि रोहिला तरुण घेऊन इंग्रजांविरुद्ध उठले. २९ एप्रिलला चिंचगुंडीच्या तळावरच्या हल्ल्यात तारखात्याचे गार्टलंड आणि हॉल मारले गेले. २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात शेडमाक्यांना फाशी झाली.

आता या गोष्टीत आजच्या पडद्यावरच्या खेळासारखी बंदूक द्या, जी धडाधड उडते आणि आपोआप भरते. तिच्यासमोर तीरकमठा घेतलेला गोंड पोरगा कसा दिसेल? अडाणी आणि कीव करण्याजोगा. पण त्या काळची ठासणीची बंदूक द्या आणि वेळ मोजा. कवायती शिपाई एन्फिल्डचे कागदी काडतूस दाताने फाडी, दारू नळीत ओती, गोळी गजाने ठाशी, टोपी बसवी. मिनिटाला दोन, फार तर तीन बार. तेवढ्या वेळात सरावलेला तिरंदाज चार-पाच बाण सहज सोडतो, ना आवाज ना धूर. काळ्या दारूचा पांढरा लोट मात्र बार टाकणाऱ्याची जागा रानभर सांगतो. म्हणजे धनुष्य हा अडाणीपणा नव्हता, हिशेब होता.

त्यापुढचा हिशेब पुरवठ्याचा. कोळसा रानात मिळेल, सोरा माती धुऊन निघेल. गंधक आणि शिसे आणावे लागणार. गावचा लोहार नळी दुरुस्त करील, गोळ्या ओतून देईल. पण टोपी कारखान्यातूनच यायची. टोपी नाही तर उत्तमातली उत्तम बंदूक म्हणजे लांब दांडके. तोड्याच्या जुन्या बंदुकीला निदान पेटती वात पुरे होती! शौर्याच्या गोष्टी सांगताना आपण ही टोपी विसरतो, आणि मग हरणारा हरला तो काहीतरी कमी होता म्हणून, असा समज पोरांच्या मनात बसतो.

काही पालकांना हा खेळच नको वाटतो. या दोन जिल्ह्यांतल्या माणसाला ते वाटणे मी समजू शकतो. इथे १९८० नंतरच्या हिंसेत कितीतरी घरे उजाडली, आणि पोलिसांनी जप्त केलेल्या शस्त्रांच्या यादीत ‘भरमार’ हा शब्द गेल्या काही वर्षांतही वाचायला मिळाला आहे. भरमार म्हणजे तीच ठासणीची बंदूक. पण मला अधिक भीती न संपणाऱ्या गोळ्यांची वाटते. बँकेत असताना आमच्या शाखेच्या रखवालदाराकडे बारा बोअरची दुनळी होती आणि तिची काडतुसे तपासणीत नोटांसारखीच मोजली जात. तो माणूस बंदूक कधी चेष्टेत उचलत नसे.

व्यासबीस आम्ही सोडून दिले. नियम दोनच ठेवले: एक बार टाकला की भरण्यात तीन पाळ्या जातील, आणि पाऊस आला तर फासा टाकून दारू भिजली का ते पाहायचे. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी बंदुका घेतल्या होत्या. तिसऱ्या संध्याकाळी पाचांपैकी तिघांच्या हाती तीरकमठे होते. सध्या खेळ चिंचगुंडीच्या अलीकडे अडला आहे. चौदा टोप्या उरल्यात आणि त्या कुणी बाळगायच्या, यावर त्यांचे एकमत होत नाही.