वादळ दोन तासांत गेलं, सुपारीची बाग उभी राहायला वर्षं लागतात

पावसाळा तोंडावर आला की श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीतल्या बागायतदारांना 3 जून 2020 आठवतो. त्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता.

त्याआधी टीव्हीवर चर्चा होती ती मुंबईची. हवामान खात्याचा अंदाज मात्र हरिहरेश्वर ते दमण, अलिबागजवळ असा होता. वादळ नकाशावर एक रेघ दिसतं, पण त्याचा वारा दूरवर पसरलेला असतो. आपल्याकडे वाटेच्या उजव्या बाजूला जोर जास्त. वादळ ईशान्येकडे सरकत होतं, म्हणून दक्षिणेकडच्या मंडणगड-दापोलीलाही तडाखा बसला. पुढच्या वर्षी मे महिन्यात आलेलं तौक्ते याहून ताकदवान होतं. पण ते किनाऱ्याला समांतर, समुद्रातून वर गुजरातकडे गेलं. म्हणून वादळाचं नाव किती मोठं यापेक्षा वाट कुठली, हे आधी बघा.

आता खरा प्रश्न भरपाईचा. निसर्गनंतर सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी 50 हजार केली. ऐकायला रक्कम मोठी. पण कोकणात वाड्या गुंठ्यांत असतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला हिशेबाने आले साधारण पाच हजार. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली: सुपारीला 50 रुपये, नारळाला 250. दहा गुंठ्यांत सव्वाशे सुपारी धरल्या तर सव्वासहा हजार. नारळ असतील तर थोडे जास्त.

सुपारीचं रोप लावल्यावर फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. तेवढी वर्षं घर कशावर चालवायचं, याचं उत्तर हेक्टरच्या मोजणीत नाही आणि झाडाच्या मोजणीतही नाही. बहुवर्षीय बागेचं नुकसान बुडालेल्या वर्षांवर मोजायला हवं. पुढचं वादळ येण्याआधी ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात यायला हवी.

आपल्या हातातलंही करून ठेवा. ई-पीक पाहणीत नारळ-सुपारीची नोंद करा. बागेतली झाडं मोजून, फोटो काढून ठेवा. सातबारा सामाईक असेल तर भाऊबंदांची संमती आताच घ्या. पंचनाम्याला तलाठी दारात आल्यावर मुंबईच्या चुलत्याला फोन लावण्यात दिवस जातात.