बारभाईची शेती, पण हाती लागली!

‘बारभाईची शेती, काय लागेल हाती?’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. गायरान उजाड झाले, पाटाचे पाणी टेलच्या शेतापर्यंत पोचले नाही, खाडीतला मासा आटला, की ही म्हण तोंडावर येते आणि विषय तिथंच संपतो. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हेच एका गाजलेल्या लेखात मांडले. सामाईक कुरणावर जो तो आपले आणखी एक जनावर सोडणार आणि शेवटी कुरणच संपणार, असे त्याचे म्हणणे. इलाज दोनच. सरकारने ताबा घ्यावा, नाहीतर तुकडे पाडून खासगी मालकी द्यावी. पुष्कळ सरकारांना हे पटले, कारण ते सोयीचे होते.

एका बाईंना मात्र ते पटले नाही आणि त्यांनी सारी हयात ते तपासण्यात घालवली. त्यांचे नाव एलिनॉर ऑस्ट्रॉम. जन्म १९३३, लॉस एंजेलिसचा. अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची तर गणित कमी पडले. शाळेत मुलींनी वरचे गणित घेऊ नये असा तेव्हाचा रिवाज! मग त्या राज्यशास्त्राकडे वळल्या आणि प्रबंधाला विषय मिळाला तो पाण्याचा.

लॉस एंजेलिसच्या किनाऱ्याला जमिनीखाली पाण्याचा मोठा साठा आहे. नगरपालिका, पाणी कंपन्या, तेल कारखाने, सगळ्यांचे पंप त्यावर. उपसा इतका झाला की पाण्याची पातळी समुद्राच्याही खाली गेली आणि खारे पाणी आत शिरू लागले. कोकणात ज्यांच्या विहिरी मचूळ झाल्या त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. १९४५ मध्ये प्रकरण कोर्टात गेले. पण नुसत्या निकालाची वाट न पाहता उपसा करणारेच संघटना करून एकत्र बसले, मोजमाप उघड केले आणि १९५५ मध्ये बहुतेकांनी आपला उपसा कमी करण्याचा करार केला. देखरेखीला कोर्टाचा माणूस नेमला. किनाऱ्यालगत विहिरींची रांग घेऊन तीत गोडे पाणी सोडले आणि खाऱ्या पाण्याला बांध घातला. ऑस्ट्रॉमबाई त्यांच्या बैठकांना जाऊन बसत, कागदपत्रे चाळत. १९६५ मध्ये हाच त्यांचा प्रबंध झाला.

पुढे इंडियाना विद्यापीठात पती व्हिन्सेंट यांच्यासह त्यांनी १९७३ मध्ये अभ्यासकेंद्र काढले. सुतारकामाच्या आवडीतून त्याला नाव दिले ‘वर्कशॉप’. जगभरची कुरणे, पाट, जंगले आणि मासेमारीची बंदरे यांची माहिती तिथे जमू लागली.

तुर्कस्तानातल्या अलान्या बंदराची हकिकत आपल्या कोळी बांधवांनी मुद्दाम वाचावी. फिक्रेत बर्केस या अभ्यासकाने ती नोंदवली आहे. तिथे शंभरेक मच्छीमार. चांगल्या जागेवरून रोज मारामारी. १९७०च्या दशकात त्यांनी दहा वर्षे चुकत-माकत एक रीत बसवली. दर सप्टेंबरात मच्छीमारांची यादी करायची, समुद्रातल्या जागांना नावे द्यायची, चिठ्ठ्या टाकायच्या. मग प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेला सरकायचे, जानेवारीनंतर पश्चिमेला. म्हणजे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येणार. पहारेकरी नको, कारण ज्याची पाळी तोच पहाटे हजर! तंटा झालाच तर कॉफीच्या दुकानात मिटवायचा. यादीची प्रत नगराध्यक्ष आणि पोलिसांकडे असे.

पण त्याच देशात बोद्रुम आणि इझमीरच्या उपसागरात हे जमले नाही. मोठे ट्रॉलर, छोट्या होड्या, कुणाचा कुणाशी मेळ नव्हता. म्हणजे गाव म्हटले की सारे आपोआप गोड होते, असे बाईंनी कधीच म्हटले नाही.

नेपाळातल्या पाटांचा अनुभव तर शेतकऱ्यांच्या थेट उपयोगाचा. शेतकऱ्यांनी दगड-झुडपांनी बांधलेल्या पाटांतून टेलला जितके पाणी पोचत होते, तितके सरकारी पक्क्या बांधाच्या पाटांतून पोचत नव्हते. का? कच्चा बांध दरसाल दुरुस्त करायला वरच्यांना खालच्यांचे हात लागत, म्हणून पाणी सोडणे भाग पडे. सिमेंटचा बांध आला आणि ती गरजच संपली.

या साऱ्याचे सार १९९० च्या त्यांच्या ग्रंथात आहे. हक्कदार कोण ते स्पष्ट हवे. नियम त्या जागेला मानवणारे हवेत आणि पाळणाऱ्यांनीच केलेले हवेत. देखरेख आपल्यातल्याच माणसाची, दंड आधी हलका, मग जड. तंटा स्वस्तात मिटावा. आणि सरकारने या नियमांना मान्यता द्यावी, निदान मोडता घालू नये. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. २०१२ मध्ये त्या निवर्तल्या.

त्याच २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल बंद करून दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत पाडली. पुरावा आपल्याच घरात आहे. मग किनाऱ्यावरच गाडी का अडावी? डोल जाळ्यांच्या ठरलेल्या जागा, खारबंदिस्तीच्या दुरुस्तीची पाळी, असे नियम आपल्या वाडवडिलांनी केलेच होते. ते कागदावर नाहीत, म्हणून फायलीत नाहीत, आणि फायलीत नाहीत म्हणून सरकारच्या लेखी ते नाहीतच!

तेव्हा ग्रामसभांनी आपले असे नियम या वर्षी लिहून काढावेत. ग्रामसेवक, तलाठी आणि मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी परिपत्रक काढण्याआधी ते वाचावेत. शहरातून कुणी विद्यार्थी वही घेऊन प्रश्न विचारायला आला, तर ‘याला काय काम नाही’ म्हणून हसू नये. आपल्याच गावच्या पोरी-पोरांनी ही विद्या शिकावी. बाकी काम गावाचे. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हणही आपलीच आहे. ती खरी व्हायची तर नियम आपल्याच माणसाने मोडला, तरी दंड घेण्याची हिंमत गावात पाहिजे.